पोस्टर वाचणारी माणसे

आमच्या बालवाडीच्या कुंपणाला लागून एक लांब भिंत आहे. शिरगावात आता इमारतींची इतकी दाटी झाली आहे की, मोकळी भिंत दिसली की तिच्यावर काही तरी डकवल्यावाचून माणसाला चैन पडत नाही. शिकवणीच्या जाहिराती, नळदुरुस्तीवाल्यांचे नंबर, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि अधूनमधून एखादे सिनेमाचे पोस्टर. पावसाळा सरता सरता अशाच एका पोस्टरापुढे माझ्या वर्गातली चार-पाच मुले उभी होती. 'क' आणि 'फ' यांतला फरक अजून त्यांना उमगलेला नाही. पण त्यांतला एक जण बाकीच्यांना समजावून सांगत होता, "हा मोठा आहे ना, तो चांगला. तो मागचा काळा, तो मारणार. आणि ही रडते, म्हंजे तिचं कोणी तरी मेलंय."

मी पोस्टर नीट पाहिले. पोराचे म्हणणे अगदी बरोबर होते.

अक्षरओळख नसलेल्या मुलाने चित्राची एक पुरी गोष्ट वाचून दाखवली, तेव्हा मला माझी आई आठवली आणि हा लेख लिहावासा वाटला. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे, आताच्या भाषेत दहावी. कलेच्या शाळेत मी कधी पाऊल टाकलेले नाही. चार कादंबऱ्या लिहिल्या आणि वीस-बावीस वर्षे लहान मुलांना पाटीवर रेघा ओढायला शिकवले, एवढेच भांडवल. पण पोस्टर ही गोष्ट मुळात कलेच्या शाळेत गेलेल्यांसाठी नाहीच. ती रस्त्याने जाणाऱ्यासाठी आहे, आणि रस्त्याने मी पुष्कळ चालले आहे.

माझी आई भाजी विकायची. पहाटेच्या लोकलने टोपली घेऊन बदलापूरहून कल्याणला जायची आणि दुपारी परत यायची. तिला सही येत नव्हती. पण स्टेशनाबाहेरच्या भिंतींवरची पोस्टरे ती अशी वाचायची की, घरी आल्यावर आम्हांला त्या सिनेमाची अर्धी गोष्ट ऐकायला मिळे. तिचे काही आडाखे ठरलेले होते. तांबडा रंग जास्त असेल तर मारामारी. दोन चेहरे एकमेकांना टेकलेले आणि मागे निळे आभाळ असेल तर प्रेमाचा सिनेमा, तो आपल्याला नको. खालच्या कोपऱ्यात पांढऱ्या लुगड्यातली म्हातारी हात जोडून उभी असेल तर "पदर ओला करायचा सिनेमा", तो बघायचा. ज्याचे तोंड सगळ्यांत मोठे त्याच्या नावावर तिकीट खपणार आणि जो तिरका, खालून उजेड पडलेला, तो दुष्ट. वर्षातून दोन-तीनदाच उल्हासनगरच्या नाही तर कल्याणच्या थेटरात जाणे परवडे. म्हणून ही पारख तिच्या लेखी हौसेची नव्हती. चुकली तर दोन दिवसांची कमाई बुडे.

पोस्टराचे सगळे शास्त्र आईच्या या आडाख्यांत आहे, असे मला आता वाटते. ते आडाखे आले कुठून, हे पाहू या.

मोठ्याला मोठे काढायचे, ही चाल सिनेमाने शोधलेली नाही. आमच्या शेजारी अंबरनाथला शके ९८२ चे, म्हणजे इसवी सन १०६० चे, शिवमंदिर आहे. तिथल्या भिंतीवरची शिल्पे बघा. देव मोठा, सेवक त्याच्या गुडघ्याशी. दूरचा माणूस लहान आणि जवळचा मोठा हा डोळ्यांचा नियम तिथे चालत नाही, मानाचा नियम चालतो. पोस्टरावर नायकाचे मस्तक डोंगराएवढे आणि त्याच्या छातीच्या उंचीवर आगगाडी, घोडे, नाचणाऱ्या मुली आणि पेटलेले घर, हे सगळे एकाच वेळी दिसते, ते याच जुन्या नियमाने. ज्याने आयुष्यभर देवळाची भिंत पाहिली त्याला सिनेमाची भिंत वाचायला वेगळे शिकावे लागले नाही.

दुसरा ओघ छापखान्यातून आला. कर्जत ओलांडून घाट चढला की लोणावळ्यापुढे मळवली लागते. मुंबईत १८९४ साली सुरू झालेला राजा रविवर्म्यांचा शिळाछापखाना पुढे तिथे गेला. त्या छापखान्याने लक्ष्मी आणि सरस्वती घरोघर पोहोचवल्या, आणि देवीचा चेहरा कसा असतो, साडीची चुणी कशी पडते, प्रकाश कुठून येतो, हे सगळे महाराष्ट्राच्या डोळ्यांत पक्के बसवले. दादासाहेब फाळके सिनेमाकडे वळण्याआधी छपाईच्याच धंद्यात होते आणि रविवर्म्यांच्या छापखान्यासाठीही त्यांनी काम केले होते. ३ मे १९१३ रोजी गिरगावातल्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' लागला. फाळके जाहिरातीतही कमी नव्हते. सत्तावन्न हजार छायाचित्रे, दोन मैल लांबीचे चित्र आणि दर अवघा तीन आणे, अशी त्यांनी जाहिरात केल्याची गोष्ट सांगितली जाते. यात कथेबद्दल अवाक्षर नाही. गिऱ्हाइकाला मापाने आणि भावाने पटवले आहे. माझ्या आईची भाषा, भाजीबाजाराची!

तिसरा ओघ कोल्हापूरचा, आणि तो मला सर्वांत जवळचा वाटतो. बाबूराव पेंटर नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवता रंगवता सिनेमात आले. महाराष्ट्र फिल्म कंपनीच्या 'सैरंध्री'ने १९२० साली नाव केले. आपल्या चित्रपटांची पोस्टरे बाबूराव स्वतः रंगवत. १९२४ च्या त्यांच्या 'कल्याण खजिना'चे पोस्टर आज उपलब्ध असलेल्या भारतीय पोस्टरांत सर्वांत जुने मानले जाते. शिवाजी महाराजांनी कल्याणच्या सुभेदाराच्या सुनेला सन्मानाने परत पाठवले, ती कथा. बदलापुरात महाराजांचे सैन्य घोडे बदलायचे म्हणून गावाचे हे नाव पडले, असे आमच्याकडची म्हातारी माणसे सांगतात. त्यामुळे आपल्या सर्वांत जुन्या पोस्टराच्या नावात आमच्या शेजारचे कल्याण असावे, याचा मला उगाच अभिमान वाटतो. पण मुद्दा अभिमानाचा नाही. पडदा रंगवणारा हात आणि पोस्टर रंगवणारा हात तेव्हा एकच होता, आणि सिनेमा करणाराही तोच होता. आत काय आहे हे ज्याला ठाऊक, तोच बाहेरचे चित्र काढत होता.

पुढे धंदा वाढला आणि हे हात वेगळे झाले. निर्माता एक, वितरक दुसरा, थेटरवाला तिसरा आणि पोस्टर रंगवणारा चौथा. सिनेमा पुरा होण्याआधीच तो इलाख्याइलाख्यांत विकला जाऊ लागला, आणि विकत घेणाऱ्याला दाखवायला नटनट्यांच्या नावांपलीकडे फारसे काही नसे. चेहरे मोठे झाले ते इथे. तीस इंच रुंद आणि चाळीस इंच उंच हा आपल्याकडे पोस्टराचा रूढ आकार. त्यावर कोणाचे डोके केवढे, कोणाचे नाव कोणाच्या आधी, हे चित्रकाराच्या मनावर नव्हे, करारावर ठरू लागले. पाहणारा दोन मिनिटे थांबणार नाही, तो सायकलवरून किंवा लोकलच्या दारातून पाहणार. म्हणून रंग भडक, अक्षरे जाड आणि उभारलेली, भाव एकच आणि ठळक. शिवाय तो बहुधा निरक्षर. १९५१ च्या जनगणनेत देशात शंभरांत जेमतेम अठरा माणसांना लिहिता-वाचता येत होते. उरलेल्या ब्याऐंशींना सिनेमागृहात आणायचे तर चित्रानेच बोलले पाहिजे. तेव्हा पोस्टर भडक असते, बटबटीत असते, अशी नाके मुरडणाऱ्या सुशिक्षितांना मी एवढेच विचारते, दुरून हाक मारायची तर आवाज चढवू नये काय?

आणि त्या चढ्या आवाजात गाणाऱ्यांत कसलेले गवई होते. एम. एफ. हुसेन तरुणपणी मुंबईत सिनेमाचे फलक रंगवत. कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी १९६० साली मराठा मंदिरात लागलेल्या 'मुघल-ए-आझम'चे फलक रंगवले. सरकारी कचेऱ्यांतून शिवाजी महाराजांचे जे अधिकृत चित्र आपण पाहतो, तेही त्यांच्याच हातचे. दिवाकर करकरे यांनी १९७५ च्या 'दीवार'साठी रंग सुरीने फासले, जाड, ओबडधोबड, जणू नायकाच्या चेहऱ्यावरचा राग सुरीनेच कोरला आहे. तुमच्या हातातल्या अंकासारख्या दिवाळी अंकांची मुखपृष्ठे एके काळी दीनानाथ दलाल आणि रघुवीर मुळगावकर रंगवत, तेव्हा लोक अंक उघडण्याआधी ते चित्र डोळे भरून पाहत. मुखपृष्ठ आणि पोस्टर ही सख्खी भावंडे आहेत. दोघांचेही काम एकच, माणसाला दारापर्यंत आणायचे.

इथवर मी पोस्टराची वकिली केली. आता त्याच्यावरचा आरोप. पोस्टर खोटे बोलते.

मी नऊ-दहा वर्षांची असताना आईने एका सिनेमाला आम्हां तिघा भावंडांना नेले. पोस्टरावर तिच्या आवडत्या नटाचे तोंड सर्वांत मोठे होते. तो नट पडद्यावर पाच-सात मिनिटे दिसला आणि मेला. उरलेला सगळा सिनेमा कोणा दुसऱ्याचाच होता. खाली बारीक अक्षरांत 'पाहुणा कलाकार' असे छापलेले होते, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. ज्याला वाचता येत होते तो फसला नाही. फसली ती माझी आई. बाहेर पडताना ती काही बोलली नाही. फक्त जाताना पोस्टरापुढे क्षणभर थांबली आणि त्या मोठ्या तोंडाकडे पाहून पुढे चालू लागली.

दुसरा प्रसंग माझ्याच घरातला आहे, म्हणून तो सांगायला जड जातो. माझी दुसरी कादंबरी एका भाजीवाल्या बाईची. ती आईवरच बेतलेली होती, हे आईला ठाऊक होते. पुस्तक छापून आले तेव्हा मुखपृष्ठावर उल्हास नदीच्या काठी ओलेत्या साडीतली एक तरुणी, कमरेवर कळशी, ओठ किंचित उघडे. माझ्या कादंबरीत नदी होती. ती तरुणी नव्हती. मी प्रकाशकांना विचारले. ते शांतपणे म्हणाले, "बाई, आधी माणसाने पुस्तक हातात तर घेतले पाहिजे ना?" यावर मला उत्तर सुचले नाही, आणि खरे सांगायचे तर ती आवृत्ती माझ्या पहिल्या पुस्तकापेक्षा लवकर खपली. मिळालेले पैसे मी परत केले नाहीत.

पुस्तक मी आईच्या हातात दिले. तिने ते दोन्ही हातांनी धरले, चित्रावरून बोट फिरवले आणि विचारले, "बाय, ही कोण?"

तिला आतली दोनशे पाने वाचता येणार नव्हती. तिच्यापुरते ते पुस्तक म्हणजे तेवढे एकच पान होते. आणि त्या पानावर ती नव्हती.

तेव्हापासून मला वाटत आले आहे की, पोस्टराच्या खरेखोटेपणाचा प्रश्न नुसता रुचीचा नाही, न्यायाचा आहे. सुशिक्षिताला पोस्टराखेरीज दुसरे मार्ग असतात. तो परीक्षण वाचतो, चार जणांना विचारतो, बारीक अक्षरे पाहतो. ज्याच्याजवळ पोस्टरावाचून दुसरा मजकूरच नाही, त्याच्याशी पोस्टर खोटे बोलले तर ती त्याची सगळ्यांत मोठी फसवणूक होय. आणि तो तक्रार करायला कोठे जात नाही. तो नुसता थांबून एकदा पाहतो.

मग पोस्टराने गोष्ट जशीच्या तशी सांगावी काय? नाही. तसे केले तर ते सूचनाफलक होईल. पोस्टराने अतिशयोक्ती करावी, भर घालावी, आगगाडी आणि देऊळ एकाच चौकटीत आणावे. माझी अट एकच आहे, आणि ती मी आईच्या त्या थांबण्यावरून घेतली आहे. पोस्टर दोनदा वाचले जाते, एकदा आत जाताना आणि एकदा बाहेर येताना. आत जाताना ते बोलावते, बाहेर येताना ते साक्ष देते. दुसऱ्या वाचनात ज्याचा चेहरा पडत नाही, ते चांगले पोस्टर.

या कसोटीवर काही जुनी चित्रे लावून पाहू. 'मदर इंडिया'चे (१९५७) पोस्टर सर्वांना आठवत असेल. खांद्यावर नांगर घेतलेली नर्गिस, मान वर, चेहऱ्यावर कष्ट. आत जाताना वाटते, ही कोणी तरी कष्टाळू शेतकरीण. बाहेर येताना त्या नांगराचे वजन कळते, कारण तिने आणखी काय काय उचलले ते आपण पाहिलेले असते. चित्र तेच, पण आता ते जड झालेले असते. 'बरसात'चे (१९४९) चित्र घ्या. राज कपूरच्या एका हातात व्हायोलिन आणि दुसऱ्या हातावर रेललेली नर्गिस. प्रेम आणि संगीत, दोन हात, दोन वस्तू. सिनेमा त्याच दोन गोष्टींचा आहे. ते चित्र इतके खरे ठरले की पुढे आर. के. स्टुडिओची मुद्राच त्यावरून घडली. या दोन्ही पोस्टरांत नट होते, नावे होती, धंदाही पुरेपूर होता. धंदा आणि सचोटी यांचे हाडवैर नाही, एवढे तरी यावरून दिसते.

परदेशातही हा प्रश्न लोकांनी आपापल्या परीने सोडवला. अगदी आरंभी, १८९५-९६ च्या सुमारास, ल्युमिएर बंधूंसाठी ओझोल नावाच्या चित्रकाराने जे पोस्टर काढले त्यात पडद्यावर पाण्याच्या फवाऱ्याने भिजलेला माळी आहे, आणि पुढे हसणारी प्रेक्षक मंडळी आहेत. सिनेमा काय आहे यापेक्षा तुम्हांला आत काय होईल, हे त्याने सांगितले. पोलंडमध्ये दुसऱ्या महायुद्धानंतर चित्रपटांचे वितरण सरकारी होते. नटांची तोंडे विकण्याची निकड नव्हती, त्यामुळे तिथल्या चित्रकारांनी सिनेमाचा नुसता भाव धरून विलक्षण पोस्टरे काढली. आपल्याकडे सत्यजित राय जाहिरातीच्या धंद्यातून आलेले. आपल्या चित्रपटांची पोस्टरे ते स्वतः करत. म्हणजे पुन्हा बाबूराव पेंटरांचीच रीत, आतले आणि बाहेरचे चित्र एकाच मनातून निघालेले.

आता आजचे. हाताने रंगवलेले फलक विसाव्या शतकाच्या अखेरीपासून संपत गेले. ग्रँट रोडच्या आल्फ्रेड टॉकीजसारख्या ठिकाणी ते नव्या शतकातही काही काळ टिकले, पण फ्लेक्सच्या कापडाने आणि संगणकाने त्यांचा धंदा बसवला. जुन्या पोस्टरांपैकी जी वाचली ती पुण्याला १९६४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने जपली. रंगाऱ्यांच्या पोटावर पाय आला याचे मला दुःख आहे. पण यंत्राने काढलेले चित्र वाईटच असते, असे मी म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. आजची पुष्कळ पोस्टरे खोटेही बोलत नाहीत, कारण ती काहीच बोलत नाहीत. सात-आठ चेहरे ओळीने रचलेले, प्रत्येक चेहरा निर्विकार, मागे निळसर धूर आणि नारिंगी ठिणग्या. नाव झाकले तर कुठल्या सिनेमाचे ते ओळखता येत नाही. पोस्टर आता भिंतीपेक्षा मोबाईलवर अंगठ्याएवढे दिसणार, म्हणून त्यात तपशील घालायचा कोणी, असा हिशेब असावा.

आणखी एक गोष्ट झाली आहे, ती मला अधिक बोचते. एकाच चित्रपटाची वेगवेगळी चित्रे वेगवेगळ्या प्रेक्षकांना दाखवण्याची रीत घरबसल्या सिनेमा पुरवणाऱ्या कंपन्यांनी सुरू केली आहे. नेटफ्लिक्सने २०१७ साली ती उघडपणे सांगितलीही. तुम्हांला प्रेमकथा आवडतात असे यंत्राला वाटले तर तुम्हांला प्रेमी जोडपे दिसेल, माझ्या मुलाला त्याच सिनेमाची बंदूक दिसेल. विक्रीच्या दृष्टीने याहून हुशार युक्ती नाही. पण भिंतीवरचे पोस्टर माझ्या आईला आणि गावच्या पाटलाला एकच दिसे. दोघे त्याच्यावर वाद घालू शकत, आणि ते खोटे निघाले तर चारचौघांत त्याची नाचक्की होई. ज्याचे त्याला वेगळे चित्र दाखवले तर त्याचा खोटेपणा पकडायचा कोणी? तो मुलगा मित्रांना पोस्टर समजावून सांगत होता, ते भिंत सगळ्यांची होती म्हणून.

दिवाळीच्या चार दिवसांत फराळाचे झाले की पुष्कळ घरांतून सिनेमाला जायचा बेत ठरतो. माझी एक विनंती आहे. बरोबर मूल असेल तर त्याला आत जाण्याआधी पोस्टरापुढे उभे करा आणि गोष्ट सांगायला लावा. बाहेर आल्यावर पुन्हा तिथेच उभे करा. समीक्षेचा याहून चांगला धडा मला तरी माहीत नाही आणि त्याला फी पडत नाही.

माझ्या त्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली नाही, त्यामुळे मुखपृष्ठ बदलण्याची संधीही आली नाही. आई जाऊन आता सहा वर्षे झाली. तिच्या पेटीत तिच्या मोजक्या वस्तूंबरोबर ते पुस्तक सापडले. शाळेच्या वह्यांना घालतो तसे त्याला खाकी कागदाचे कव्हर घातलेले होते, कोपरे नीट दुमडून. लहानपणी आमच्या वह्यांना ती अशीच कव्हरे घालून द्यायची. कागदावर नाव लिहायची जागा कोरी होती. मी ते कव्हर काढलेले नाही.